दोन आजारांच्या मधले दिवस

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. जूनमध्ये अंगणवाडीत जायला लागला आणि तेव्हापासून साडेचार महिन्यांत पाच वेळा सर्दी-ताप-खोकला झाला. ताप दोन-तीन दिवसांत जातो, पण खोकला पुढे पंधरा दिवस रेंगाळतो, रात्री जास्तच. तीन दवाखाने झाले. एकाने ॲलर्जी सांगितली, दुसऱ्याने कफ साठलाय म्हणून अँटिबायोटिक दिलं, तिसऱ्याने बालदमा म्हणून पंप (इनहेलर) लिहून दिला. तो पंप अजून खोक्यातच आहे. सासूबाईंनी केळी आणि दही बंद केलंय. आता हे नेमकं काय आहे, ॲलर्जीची रक्ततपासणी करावी का, आणि अंगणवाडी सोडवावी का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे तुमचे काही हजार रुपये वाचतील. तपासणी आत्ता नको. का नको ते पुढे येईलच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आजारपणाच्या दिवसांचं तुम्ही सगळं लिहिलंय: ताप किती, सिरप कुठलं, उलटीत कफ पडला तो कुठल्या रंगाचा. पण दोन आजारांच्या मधल्या दिवसांबद्दल एक ओळही नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दहांतल्या नऊ आया असंच सांगतात. ‘डॉक्टर, रात रात खोकतंय बघा’ इथून सुरुवात होते. मी विचारते, आणि मागच्या आठवड्यात कसं होतं? मग क्षणभर गप्प होतात. चांगल्या दिवसांकडे कोण लक्ष देतं? पण या वयातल्या खोकल्याचं निम्मं निदान त्याच दिवसांत दडलेलं असतं.

आधी साधा हिशोब करू. अगदी धडधाकट पोरालाही या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते, आणि अंगणवाडीच्या पहिल्या वर्षात ती दहा-बारापर्यंत जाऊ शकते. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत. घरात एकटं वाढलेलं मूल वीस पोरांत जाऊन बसलं की ते एकेक करून ओळख करून घेतात. एका सर्दीनंतरचा खोकला पंधरा दिवस ते तीन आठवडे टिकणं ही काही बिघाडाची खूण नव्हे. सुजलेली श्वासनलिका पूर्ववत व्हायला तेवढा वेळ घेते. तुमच्या मुलाच्या पाच आजारांचे प्रत्येकी पंधरा दिवस धरले तर पंचाहत्तर होतात. साडेचार महिने म्हणजे साधारण एकशे पस्तीस दिवस. म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस पोर खोकत होतं आणि तरीही ते नेहमीच्या चौकटीतच बसतं. आईला मात्र ते साडेचार महिने सलग खोकल्यासारखं वाटतं. त्यात तुमची चूक नाही. जागरण तुम्हीच करता.

आता भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि महिनाभर रोज एक खूण करा. ताप असला तर ‘ता’, खोकला असला तर ‘खो’, काहीच नसलं तर टिकली. टिकलीचे दिवस स्वच्छ असले, म्हणजे पोर रात्रभर झोपतंय, धावलं तरी खोकत नाही, नाक कोरडं आहे, तर एकामागून एक येणाऱ्या विषाणूंच्या सर्द्या आहेत असं समजा. त्यांना औषध लागत नाही, वेळ लागतो.

मधल्या दिवसांत ताप नाही, पण सकाळी उठल्या उठल्या आठ-दहा शिंका, नाकातून पाण्यासारखं वाहणं, तळहाताने नाक खालून वर चोळणं (आम्ही डॉक्टर याला ‘सलाम’ म्हणतो, कारण लांबून तसंच दिसतं), डोळे खाजवणं, कोपर-गुडघ्यांच्या लवणीत खाजरी कोरडी कातडी, आणि आईला, बापाला किंवा आत्याला असाच त्रास, हे जमत असेल तर ॲलर्जीचा विचार करायचा. ॲलर्जीची मोठी खूण खाज आहे. सर्दीत नाक वाहतं, ॲलर्जीत ते खाजतंही. आणि नुसत्या ॲलर्जीने ताप येत नाही. शंभर-दीडशे घरं पालथी घालून ‘ॲलर्जीचा ताप’ शोधलात तरी सापडणार नाही. गवताच्या, परागकणांच्या ॲलर्जीला तर शरीराची तयारी व्हायलाच दोन-तीन मोसम जावे लागतात, त्यामुळे अडीच वर्षांच्या पोराला रस्त्याकडेच्या काँग्रेस गवताने शिंका येतात हे सहसा खरं नसतं. धूळ आणि ओल यांचा संशय आधी घ्यावा.

तिसरं चित्र म्हणजे मधल्या दिवसांतही पहाटे तीन-चारला ढास लागते, जोरात हसलं किंवा पळालं की खोकला येतो, छातीला कान लावला तर शीळ ऐकू येते. हा दम्याकडे झुकणारा कल. शीळ हा शब्द नीट लक्षात ठेवा. नाकात शेंबूड अडकला की जी घरघर होते ती घशातून येते, नाक साफ केलं की थांबते. श्वास सोडताना बारीक शीळ वाजते ती छातीतली. मोबाइलवर तो आवाज, छातीवरचं झबलं वर करून, पाऊण मिनिट रेकॉर्ड करा. दवाखान्यात येईपर्यंत पोर हसायला लागलेलं असतं आणि मग डॉक्टरांना तुमच्या वर्णनावरच औषध लिहावं लागतं. एका रेकॉर्डिंगने तीन चिठ्ठ्यांचं काम होतं.

रक्ततपासणीचं आता सांगते. पन्नास-साठ पदार्थांची यादी असलेला कागद घेऊन पालक येतात, त्यात दूध, गहू, अंडं, शेंगदाणा यांच्यासमोर थोडा-थोडा आकडा असतो, आणि घरात दुसऱ्या दिवसापासून पोराचं दूध बंद. आकडा दिसला म्हणजे ॲलर्जी आहे असं नाही. शरीराने तो पदार्थ ओळखलाय एवढंच तो सांगतो. खाण्याची खरी ॲलर्जी खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांध्या, ओठ सुजणं, उलटी, दम अशी येते. नुसती सर्दी-खोकला हे तिचं रूप नव्हे. हाच न्याय केळ्याला आणि दह्याला. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण केळ्याने कफ होत नाही. आजारात पोर आधीच खात नाही, त्यात त्याला आवडणाऱ्या दोन गोष्टी काढून घेतल्या तर वजन कशाने वाढायचं? दही फ्रीजमधून काढल्या काढल्या नको, एवढी तडजोड मी आज्ज्यांशी नेहमी करते आणि ती टिकते.

घराकडे या. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागात औषधापेक्षा हीच गोष्ट जास्त आडवी येते. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. जून ते सप्टेंबर घरात ऊन येत नाही, भिंतींना ओल धरते, ट्रंकेतली वाकळ कुबट होते. ओलसर अंथरुणात धुळीतले सूक्ष्म किडे माजतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. दसऱ्याच्या सुमारास थंडी पडली की त्याच वाकळी थेट पोराच्या अंगावर जातात आणि पहिल्याच रात्री खोकला. थंडीने खोकतंय असं सगळे म्हणतात. वाकळ आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, झटका, पण पोर घरात नसताना. जे धुता येतं ते गरम पाण्यात धुवा. कापसाची जुनी उशी पोराच्या डोक्याखालून काढून टाका, या वयात उशी लागतच नाही.

धुराचं पुढे. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाक गॅसवर आहे. बरोबर, पण आंघोळीचं पाणी कशावर तापतं? खानापूरकडे बहुतेक घरांत न्हाणीची चूल आहे आणि ती न्हाणी घराला लागून असते. पहाटे पाचला ओलं लाकूड धुमसतं आणि तोच धूर पोर झोपलेल्या खोलीत शिरतो. सकाळच्या खोकल्याचं कारण कधी कधी तेवढंच असतं. शिवाय बाळाला ओव्याची, लसणाच्या सालांची धुरी, संध्याकाळी उदबत्ती आणि रात्री डासांची कॉइल. बंद खोलीतली कॉइल छातीला चांगलाच त्रास देते, तिच्याऐवजी मच्छरदाणी लावा. धुरीने कफ सुटतो ही समजूत इतकी गोड आहे की ती मोडताना मलाच वाईट वाटतं, पण सुजलेल्या श्वासनलिकेत धूर घालणं म्हणजे जखमेवर मीठ.

प्रत्येक पट्ट्याचा आपला असा खोकला असतो. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकर घरांत मागाच्या खोलीला लागून पाळणा असतो आणि सुताचा बारीक भुगा सगळीकडे उडतो. निपाणीकडच्या पोरांबरोबर तंबाखूचा वास येतो. आई वखारीतून आली की आधी पदर बदलावा, मग पोर उचलावं, हे मी अनेकींना सांगते. चिकोडीकडे गाळप हंगाम सुरू झाला की उसाचा पाला पेटवल्याची काजळी अंगणात पडते. तुमच्याकडे भाताची मळणी. त्या आठवड्यात पोराला खळ्यावर नेऊ नका, एवढंच. बाप बाहेर जाऊन बिडी ओढत असला तरी कपड्यांना धूर राहतो, हेही त्यांच्या कानावर घाला.

खोक्यातला पंप. तीन वर्षांच्या आत तीनपैकी एका मुलाची छाती सर्दीबरोबर कधी ना कधी वाजते, आणि त्यातल्या बहुतेकांची पुढे वाजायची थांबते. म्हणून ‘बालदमा’ हा शब्द ऐकून जन्माचं दुखणं लागलं असं धरू नका. तिसऱ्या डॉक्टरांनी छातीत शीळ ऐकली असेल तर त्यांनी दिलेलं औषध योग्य आहे. पंप कडक असतो, सवय लागते, ही भीती मी रोज ऐकते. उलट आहे. सालब्युटामॉलचं, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाचं, सिरप द्यायचं तर एक-दोन मिलिग्रॅम औषध पोटातून सगळ्या अंगात फिरतं आणि छातीत जेमतेम पोचतं. पंपाच्या एका दाबात ०.१ मिलिग्रॅम असतं आणि ते थेट जिथे हवं तिथे जातं. सिरपने पोराचे हात थरथरतात, रात्री ते टक्क जागं राहतं. पंप मात्र नुसता तोंडात मारू नका. मास्क लावलेला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हवा, मास्क गालाला चिकटलेला हवा, पंप हलवून एक दाब, मग आठ-दहा श्वास, मग दुसरा दाब. पोर रडत असेल तर औषध पोचत नाही. आधी दोन दिवस मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या. शीळ नसलेल्या साध्या खोकल्याला मात्र पंपाचा उपयोग नाही, म्हणूनच ते रेकॉर्डिंग.

खोकल्याच्या सिरपबद्दल माझं मत कडवट आहे, सिरपं मात्र गोड असतात. सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं या वयात आजार एका दिवसानेही कमी करत नाहीत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित सिरपामुळे मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, तेव्हा केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्याचं सिरप नकोच, पाच वर्षांखालीही सहसा नको. मेडिकलच्या काउंटरवरून ‘मागच्या वेळचंच द्या’ म्हणून आणू नका. मॉन्टेलुकास्ट असलेलं ॲलर्जीचं सिरपही हल्ली घरोघरी महिनोन् महिने चालू असतं. त्याने काही मुलं चिडचिडी होतात, झोपेत दचकतात, वाईट स्वप्नं पाहतात. तुमच्या पिशवीत ते असेल तर किती दिवस द्यायचं हे विचारून घ्या.

मग द्यायचं काय? वर्षाच्या पुढच्या पोराला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध, कोमट पाण्यातून किंवा तसाच. वर्षाच्या आत मात्र मध कधीच नाही, घुटीतसुद्धा नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, झोपण्याआधी आणि खाण्याआधी. नाकात तेल सोडू नका, ते सरळ फुप्फुसात उतरतं आणि तिथला न्यूमोनिया हट्टी असतो. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ नको. खोकल्यासाठी आलेल्यांपेक्षा वाफेने भाजून आलेली पोरं मला जास्त लक्षात आहेत. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात, तीही काढा. पोर ती तोंडात घालतं आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.

हिरवा शेंबूड म्हणजे जंतू वाढले, आता अँटिबायोटिक हवं, असं नाही. साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तो हिरवा-पिवळा होतो आणि मग सुकतो.

ताप. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप. आकडा किती यापेक्षा पॅरासिटामॉल देऊन ताप उतरल्यावरचा अर्धा तास बघा, तोही मधला दिवसच आहे, फक्त छोटा. १०३ ताप होता, उतरल्यावर पोर उठून डबे वाजवायला लागलं, तर मला फारशी काळजी नाही. १०० वर आला तरी पोर मलूल, नजर देत नाही, तर लगेच या. डोस वजनावर: किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला १८० मिलिग्रॅमच्या आसपास. गडबड इथेच होते. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्यातच २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीमध्येच १००. पहिलीतलं सात मिली, दुसरीतलं साडेतीन, थेंबांतलं १.८. नाव तेच, बाटली वेगळी. घरात एकच बाटली ठेवा, मापाच्या सिरिंजने द्या, दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. निमेसुलाइडला १२ वर्षांखाली २०११ पासून बंदी आहे, ॲस्पिरिन द्यायचं नाही, आणि डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको. थंड पाण्याच्या पट्ट्या नकोत, बर्फही नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात तापाने झटका येऊ शकतो. आला तर पोराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर १०८ ला फोन.

रात्री धावपळ केव्हा करायची, तेही सांगते. पोर शांत झोपलेलं असताना पोटाची वरखाली हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असतील, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर होत असतील, पाणी पीत नसेल, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. श्वास आत घेताना आवाज येतो आणि खोकला भुंकल्यासारखा आहे, तरीही तसंच. पोट उडतंय म्हणून डाग देणाऱ्याकडे अजूनही काहीजण आधी जातात आणि त्यात न्यूमोनियाचे दोन दिवस वाया जातात. ताप तीन दिवसांपलीकडे टिकला, किंवा जाऊन दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर दिवसा पण त्याच दिवशी दाखवा.

एक खोकला वेगळा आहे. सुगीत एक पोर आलं होतं, दोन वर्षांचं. दहा दिवस खोकला, दोन अँटिबायोटिक झालेली, छातीच्या एकाच बाजूला शीळ. आईला विचारलं, एकदम सुरू झाला का? ती म्हणाली, हो, अंगणात शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा ठसका लागला. दुर्बिणीने उजव्या श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा निघाला. ताप नाही, सर्दी नाही आणि खेळता खेळता अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला असेल, तर डॉक्टरांना हे वाक्य स्वतःहून सांगा, ते विचारोत न विचारोत. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके पोराच्या हाती नकोत. कूट करून द्या.

खोकला चार आठवड्यांच्या पुढे गेला, वजन वाढायचं थांबलं, किंवा घरात-शेजारी कुणाला टीबीचं औषध चालू असेल, तर मात्र छातीचा फोटो आणि टीबीच्या चाचण्या व्हायला हव्यात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट होतात. रात्री घोरतं आणि तोंड उघडं ठेवून झोपतं, असं असेल तर नाकामागच्या गाठी तपासून घ्या.

येताना तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या लसींची नोंद असलेलं सरकारी कार्ड, आणा. कानडीत छापलेलं असतं म्हणून पुष्कळ घरांत ते ट्रंकेत पडून राहतं. आशाताईंकडून वाचून घ्या. सोळा ते चोवीस महिन्यांतला डीपीटीचा बूस्टर आणि गोवराचा दुसरा डोस झालाय का, न्यूमोकोकलचे तीन झालेत का, एवढं बघा. सर्दी होती म्हणून लस टाळली, असं असेल तर ते भरून काढा, साध्या सर्दीत लस देता येते. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, परवडत असेल तर दरवर्षी पावसाळ्याआधी घ्या.

राहिली अंगणवाडी. सोडवू नका. आत्ता सोडवलंत तर हेच विषाणू पहिलीच्या वर्गात भेटतील. ताप असेल त्या दिवशी घरी ठेवा, ताप जाऊन चोवीस तास झाले की पाठवा, थोडा खोकला असला तरी चालेल. एक महिन्याचं कॅलेंडर, ते रेकॉर्डिंग आणि औषधांची पिशवी घेऊन या. पंपही आणा, खोक्यासकट.